ओव्हरहॉलनंतरही ऑटोमॅटिक गिअरबॉक्स स्लिप होतोय? परत उतरवण्याआधी हे बघा

तक्रार बहुतेक वेळा एकाच सुरात येते. "बॉक्स आत्ताच करून घेतला, प्लेटा नव्या टाकल्या, तरी गाडी परत सोडतेय." सोडतेय म्हणजे काय, तर गिअर बदलताना आरपीएमचा काटा एकदम वर उडतो, इंजिन ओरडतं आणि गाडी मात्र पुढे सरकत नाही. मग क्षणभरानं गिअर धाडकन बसतो. ज्यानं एवढे पैसे घालून बॉक्स करून घेतला, त्याच्या पोटात तेव्हा काय होतं ते समोर बसलेल्यालाच कळतं.

आमचं भोसरीला छोटं वर्कशॉप आहे. ऑटोमॅटिकची कामं येतात, त्यात दुसरीकडे ओव्हरहॉल होऊन परत सोडायला लागलेल्या गाड्याही असतात. पण इथे जी गोष्ट सांगणार आहे ती दुसऱ्याची नाही. तो बॉक्स आम्हीच केला होता आणि तो तीन वेळा उतरवावा लागला.

आधी एक खुलासा. हल्ली लोक 'ऑटोमॅटिक' म्हणतात त्यातल्या कितीतरी गाड्यांत साधाच मॅन्युअल गिअरबॉक्स असतो आणि क्लच दाबायला, गिअर टाकायला मशीन बसवलेलं असतं. २०१४ साली सेलेरिओत आला तो हा एएमटी प्रकार. तो सोडत असेल तर क्लच प्लेट, ॲक्च्युएटर आणि त्याचं ऑईल बघायचं, या लेखाचा उपयोग नाही. सीव्हीटीचं, म्हणजे ठरावीक गिअर नसलेल्या, पट्टा-पुलीवर चालणाऱ्या बॉक्सचं शास्त्रही वेगळं. इथे बोलतोय ते टॉर्क कन्व्हर्टरवाल्या, म्हणजे इंजिनचा जोर तेलातून घेणाऱ्या, आणि तेलाच्या दाबावर क्लच पॅक, म्हणजे घर्षणाच्या प्लेटांचे गठ्ठे, चालणाऱ्या बॉक्सबद्दल. उदाहरणाला मर्सिडीजचा पाच गिअरचा ७२२.६ घेतलाय. तो १९९६ पासून कित्येक मॉडेलांत बसला आणि आमच्या हाताखालून सगळ्यात जास्त गेलाय तो हाच.

काकांची ई २४०

गाडी २००४ ची मर्सिडीज, व्ही-सिक्स पेट्रोल. म्हणजे पिंपरीतच जुळवलेली, चाकणचा कारखाना २००९ साली सुरू झाला त्याच्या आधीची. मालक साताऱ्याचे, पीडब्ल्यूडीतून निवृत्त झालेले इंजिनिअर. आम्ही त्यांना काका म्हणतो. पहिल्यांदा गाडी आली तेव्हा दुसऱ्यातून तिसऱ्यात जाताना काटा हजारभरानं उडत होता. बॉक्सच्या तळाचा तेलाचा चेंबर उतरवला तर तेल काळं, जळका वास, तळाशी काळा गाळ. बॉक्स उतरवला. के-२ नावाच्या क्लच पॅकच्या प्लेटा करपलेल्या, बाकीच्या बऱ्या. सगळं किट बदललं, कन्व्हर्टर कापून करून आणला, आतली विजेची जोडणी करणारी कंडक्टर प्लेट नवी टाकली, तेलाचा दाब वाटणारी व्हॉल्व्ह बॉडी धुतली. गाडी लोण्यासारखी चालली. काका खूश.

तीन आठवड्यांनी फोन. "अरे, खंबाटकीला परत तेच."

तेव्हा पुण्याहून साताऱ्याकडे जाताना खंबाटकीचा घाट चढावा लागायचा. येताना बोगद्यातून येता यायचं. त्यामुळे काकांची तक्रार फक्त घरी जातानाची होती. आम्ही गाडी बोलावली आणि भोसरी-आळंदी रस्त्यावर चालवून बघितली. काही नाही. एकदम शहाण्यासारखी. तेव्हाच आम्ही थांबायला हवं होतं, पण थांबलो नाही. 'आपल्याकडूनच पिस्टनचं सील दुमडलं असेल' म्हणून बॉक्स परत उतरवला. सीलं शाबूत. के-२ च्या नव्या प्लेटा मात्र तपकिरी पडलेल्या. परत प्लेटा टाकल्या, सीलं टाकली, मजुरी आपल्या अंगावर घेतली. काकांनी फक्त तेलाचे पैसे दिले.

महिन्याच्या आत तिसरा फोन. या वेळी काकांचा आवाज चढला नव्हता, आणि मला तेच जास्त लागलं.

कुठे सोडतोय, त्यावरून कोण ते कळतं

पुढचं सांगण्याआधी ही गोष्ट नीट समजून घ्या, कारण इथूनच अर्धा शोध लागतो. ७२२.६ मध्ये तीन क्लच पॅक आहेत, के-१, के-२ आणि के-३. तीन ब्रेक आहेत (चाकांचे नव्हे, बॉक्सच्या आतलेच भाग धरून ठेवणारे), बी-१, बी-२ आणि बी-३. पहिल्या, दुसऱ्या, तिसऱ्या गिअरला बी-२ धरलेला असतो. दुसरा, तिसरा आणि चौथा हे के-१ वर चालतात. तिसऱ्यापासून वर पाचव्यापर्यंत के-२ लागतो. के-३ चौथ्या-पाचव्यात आणि रिव्हर्सला काम करतो. बी-३ फक्त रिव्हर्सला.

आता स्वतःच हिशोब करा. पहिला-दुसरा ठणठणीत, रिव्हर्स ठणठणीत, पण तिसऱ्यात शिरताना काटा उडतो आणि पुढे तिसऱ्या-चौथ्यातही जोर दिला की सुटल्यासारखं वाटतं, तर बोट के-२ कडे जातं. रिव्हर्स आणि चौथा-पाचवा दोन्ही लंगडे असतील तर के-३ बघा. फक्त रिव्हर्सच मेला असेल तर बी-३. सगळ्याच गिअरांत, अगदी पहिल्यातही गाडी उचल घेत नसेल, तर एकेका क्लचच्या मागे लागू नका. तिथे तेल कमी आहे, फिल्टरच्या ओ-रिंगमधून पंप हवा ओढतोय, किंवा पंपालाच मार बसलाय.

पंपाला मार कसा बसतो, तर कन्व्हर्टर पूर्ण आत न बसवताच बॉक्स इंजिनला लावून बोल्ट आवळले की. कन्व्हर्टर फिरवत फिरवत ढकलला की तो दोन-तीन टप्प्यांत आत सरकतो आणि प्रत्येक टप्प्याला हाताला 'ठक' कळतं. शेवटचं ठक न येताच बोल्टांनी ओढून घेतलं, तर पंपाची वाट लागलीच. पोरं घाई करतात ती इथेच.

आणखी दोन गोष्टी स्लिप समजून येतात आणि स्लिप नसतात. एक, गाडी दुसऱ्या गिअरमध्येच अडकून राहते. बंद करून परत चालू केली तरी डीमध्ये थेट दुसऱ्यानंच निघते. हा लिंप मोड. कॉम्प्युटरला काहीतरी खटकलंय म्हणून त्यानं स्वतःहून हात आखडता घेतलाय. कोड वाचा, क्लचला हात लावू नका. दुसरी, हलक्या ॲक्सिलरेटरवर एका ठरावीक वेगाला गाडी खडबडीत रस्त्यावरून गेल्यासारखी थरथरते. ती बहुधा कन्व्हर्टरमधल्या, इंजिन आणि बॉक्स थेट जोडणाऱ्या लॉक-अप क्लचची थरथर असते, गिअरच्या पॅकची नव्हे.

तेल

ओव्हरहॉलनंतर पहिल्या आठवड्यात आलेल्या तक्रारींत आधी तेलाची पातळी बघतो. ७२२.६ ला डिपस्टिक नसते. नळी असते, तिच्या तोंडाला लॉकवालं टोपण, आणि वर्कशॉपमध्ये एक लांब गेज आत घालून पातळी मोजायची. त्या गेजवर २५ अंशांची खूण वेगळी आणि ८० अंशांची वेगळी. तेल तापलं की फुगतं, त्यामुळे थंड तेलात गरमची पातळी गाठली की गाडी गरम झाल्यावर तेल जास्त होतं. फिरणारे भाग त्यात बुडतात, तेल फेसाळतं, फेस दाब धरत नाही, आणि गाडी सोडते. कमी तेलानं सोडते तशीच जास्त तेलानंही सोडते, हे ऐकून मालक लोक अजूनही माझ्याकडे संशयानं बघतात.

मोजायची पद्धत एकच. गाडी सपाट जमिनीवर, इंजिन चालू, लिव्हर पीमध्ये, तेल ८० अंशांच्या आसपास. तापमान स्कॅनरवर बघा, अंदाजानं नको. रिबिल्टनंतर बॉक्स, कन्व्हर्टर, कूलर सगळं कोरडं असतं, म्हणून एकदम सगळं तेल ओतून होत नाही. चारेक लिटर घालायचं, चालू करायचं, परत घालायचं, सगळ्या गिअरांतून लिव्हर फिरवायची, गाडी तापवायची, मग शेवटचं. कन्व्हर्टरसकट साडेसात-आठ लिटर तेल आत जातं. पाच लिटरमध्ये काम झालं असं कुणी सांगत असेल तर काम झालेलं नाही.

तेलाचा प्रकार. 'लाल आहे ना, मग झालं' हे चालत नाही. मर्सिडीजचं स्वतःचं स्पेसिफिकेशन आहे. आधी २३६.१० होतं, पुढे २३६.१४ आलं. या बॉक्समध्ये लॉक-अप क्लच थोडा घसरत ठेवूनच चालवतात आणि तेलातली रसायनं त्याच हिशोबानं असतात. डब्यावर तो आकडा लिहिलेला नसेल तर डबा परत करा.

आता कूलंटचं. या जमान्यातल्या बऱ्याच गाड्यांत गिअरबॉक्सच्या तेलाचा कूलर रेडिएटरच्या आतच असतो. आतून तो फुटला की कूलंट तेलात शिरतं. तेल फालूद्यासारखं गुलाबी, दुधाळ दिसलं तर पुढचा प्रश्नच नाही. पण थोडंसंच मिसळलेलं असेल तर डोळ्यांना दिसत नाही, आणि कूलंटमधलं ग्लायकॉल प्लेटेवरच्या घर्षणाच्या थराचा गोंद सोडवतो. नव्या किटच्या प्लेटा काही शे किलोमीटरमध्ये सोलून निघालेल्या आम्ही बघितल्यात. बॉक्स नवा केला आणि रेडिएटर जुनाच ठेवला, असं होतं ना, तिथे हे प्रकरण निघतं. जुन्या गाडीत बॉक्स उतरवलाच असेल तर रेडिएटरही बदला, किंवा निदान बाहेरचा वेगळा कूलर लावून जुना वाटेतून काढून टाका.

रेडिएटर चांगला असला तरी कूलर धुवायलाच हवा. पहिल्यांदा प्लेटा जळल्या तेव्हा त्यांचा चुरा तेलाबरोबर कूलरमध्ये जाऊन बसलाय. तो निवांत बसतो आणि नव्या बॉक्समध्ये परत येतो. दोन्ही दिशांनी धुवा. मग कूलरची परतीची नळी सोडून बादलीत धरा आणि इंजिन सुरू करा. धार भक्कम हवी. आमची सवय अशी की अर्ध्या मिनिटात लिटरभर यायला हवं. थेंब थेंब आलं तर नळीत नाहीतर कूलरमध्ये काहीतरी अडकलंय. बघताना पातळीवर लक्ष ठेवा, बॉक्स रिकामा पळवू नका.

वायरिंगचं थोडक्यात. बॉक्सच्या बाजूला तेरा पिनांचा जो कनेक्टर घुसतो त्याच्या ओ-रिंगा कडक होतात, तेल गळतं, आणि कधी कधी वायरींच्या आतून चढत थेट कॉम्प्युटरपर्यंत पोचतं. यानं बहुधा लिंप मोड आणि वेडेवाकडे कोड येतात, साधी स्लिप येत नाही. पण ओव्हरहॉलमध्ये कनेक्टर नवा टाकायचा, हा नियम ठेवा. कनेक्टरची किंमत अशी काही नाही.

ॲडॅप्टेशन

हा भाग विसरणारे खूप. या बॉक्सचा कॉम्प्युटर शिकतो. प्लेटा झिजत गेल्या की पॅक भरायला तेल जास्त लागतं, वेळ जास्त लागतो, आणि तो ते आकडे साठवत जातो. तुम्ही नव्या, जाड प्लेटा टाकल्या पण त्याच्या डोक्यात आकडे जुन्या, झिजलेल्या प्लेटांचेच. मग एखादा गिअर धक्क्यानं बसतो, एखादा उशिरा. आकडे पुसा आणि गाडीला नव्यानं शिकवा.

शिकवायचं म्हणजे तेल ६० ते १०५ अंशांच्या मध्ये असताना हलक्या पायानं, सावकाश, एकेक गिअर वर चढू द्यायचा, आणि हे पुन्हा पुन्हा. जोरात पळवून काही शिकत नाही. पहाटे लवकर आळंदी रस्त्याला जाऊन यावं, ट्रॅफिक लागलं तर वेळ वाया. मालकाला गाडी देतानाच सांगा की पहिले काही दिवस पाय हलका ठेवा. न सांगता दिली तर दुसऱ्याच दिवशी फोन येतो.

आत झालेल्या चुका

इथे मी जास्त लिहीत नाही, कारण जो बॉक्स खोलतो त्याला हे माहीत असतं, आणि ज्याला माहीत नाही त्यानं खोलू नये. प्लेटा तेलात किमान तासभर भिजवल्या का. पिस्टनच्या सीलची ओठ आत जाताना दुमडली का. पॅक बांधल्यावर फिलर गेजनं क्लिअरन्स मोजून त्याप्रमाणे योग्य जाडीची सर्कलिप लावली का, की जुनीच परत ठोकली. प्रत्येक पॅकला हवेचा दाब देऊन बघितलं का. 'टप्प' असा भरीव आवाज यायला हवा. 'फुस्स' आवाज आला की तो पॅक परत खोला. व्हॉल्व्ह बॉडीचे बोल्ट ८ न्यूटन-मीटरनंच आवळले का. हा आकडा इतका कमी आहे की हाताचा अंदाज चालत नाही, टॉर्क पाना लागतोच. जास्त आवळलं तर ॲल्युमिनियम किंचित वाकतं आणि आतला व्हॉल्व्ह अडकतो.

आणि व्हॉल्व्ह बॉडीतल्या प्लास्टिकच्या त्या बारीक गोळ्या. एकदा आम्ही व्हॉल्व्ह बॉडी बंद केल्यावर एका पोराच्या चपलेच्या तळाला एक गोळी चिकटलेली सापडली. तो चहा घेऊन आत आला तेव्हा टाचेखाली काहीतरी बोचतंय म्हणून त्यानं पाय उचलला, म्हणून कळलं. नाहीतर ती गाडी तशीच गेली असती आणि मी आज वेगळीच गोष्ट सांगत बसलो असतो. तेव्हापासून गोळ्या मोजून एका वाटीत ठेवतो, आणि वाटी रिकामी झाल्याशिवाय झाकण लावत नाही.

परत काकांच्या गाडीकडे

तिसऱ्या वेळी मी बॉक्स लगेच उतरवू दिला नाही. तेल बघितलं, पातळी बरोबर. कूलंटची चाचणी केली, स्वच्छ. कूलरची धार भक्कम. ॲडॅप्टेशन पुसलेलं आणि शिकवलेलं. मग मी काकांना म्हटलं, तुम्ही चालवा, मी बाजूला स्कॅनर घेऊन बसतो, आणि आपण घाटालाच जाऊ.

वाटेत शिरवळजवळ काकांनी ग्लोव्ह बॉक्स उघडायला सांगितला. चष्म्याचं घर हवं होतं. त्याखाली एक निळी वही होती. पेट्रोल भरल्याची तारीख, किलोमीटर, लिटर, ॲव्हरेज, सगळं बारीक अक्षरात. इंजिनिअर माणूस. मी सहज पानं उलटली. दीड वर्षापूर्वी हायवेला साडेआठ-नऊचं ॲव्हरेज, आणि हळूहळू उतरत सातच्या खाली. बॉक्स पहिल्यांदा सोडायला लागला त्याच्याही सात-आठ महिने आधीपासून.

"काका, हे तेव्हा सांगितलं नाहीत?"

"सांगितलं होतं रे. पहिल्या दिवशीच म्हणालो होतो, पिकअप कमी झालाय, पेट्रोल जास्त पितेय. तुम्ही म्हणालात गिअरबॉक्सच स्लिप होतोय त्यामुळे असेल."

खरंच म्हणालो होतो.

खंबाटकीच्या चढाला काकांनी पाय दाबला. दुसऱ्यातून तिसऱ्यात जाताना काटा उडाला, हजाराच्या वर. पण माझी नजर स्कॅनरच्या दुसऱ्या ओळीवर होती. या इंजिनचा जास्तीत जास्त टॉर्क २४० न्यूटन-मीटर. पाय जवळजवळ तळाला असताना इंजिनचा कॉम्प्युटर गिअरबॉक्सच्या कॉम्प्युटरला सांगत होता, एकशेतीस. हवेचा आकडा बघितला. अशा १७७ हॉर्सपॉवरच्या इंजिनला पूर्ण थ्रॉटल आणि वरच्या आरपीएमला सेकंदाला १४० ग्रॅमच्या आसपास हवा लागायला हवी. मीटर नव्वदच्या वर जात नव्हता. आणि फ्युएल ट्रिम, म्हणजे कॉम्प्युटर पेट्रोलच्या मापात करतो ती दुरुस्ती, वीस टक्क्यांनी वर, म्हणजे इंजिन स्वतःच ओरडून सांगत होतं की हवा मोजलीय त्यापेक्षा जास्त आत येतेय.

इथे बॉक्स कसा चालतो ते थोडं सांगायला हवं. ७२२.६ मध्ये तेलाचा दाब प्रत्यक्ष मोजणारा सेन्सर नाही. कॉम्प्युटर दाब 'मागतो', आणि किती मागायचा ते इंजिननं सांगितलेल्या टॉर्कवरून ठरवतो. इंजिननं खोटं सांगितलं तर दाब कमी मागितला जातो. आचाऱ्याला शंभर पानं सांगितली आणि पंगतीला दोनशे माणसं बसली, तसं. प्लेटा दाबल्या जातात एकशेतीसच्या हिशोबानं, आणि त्यांच्यावर येतो त्याहून कितीतरी जास्त जोर. सपाट रस्त्याला हलक्या पायानं कळत नाही, कारण तिथे दोन्ही आकडे कमीच. घाटात कळतं. म्हणून भोसरीत गाडी शहाणी वागत होती.

खोटं बोलत होता हवा मोजणारा सेन्सर, म्हणजे एअर फ्लो मीटर. खात्री करायला घाटावर गाडी बाजूला घेतली, इंजिन बंद केलं, सेन्सरचा कनेक्टर काढला आणि परत निघालो. कनेक्टर काढला की इंजिनचा कॉम्प्युटर थ्रॉटल आणि आरपीएमवरून हवेचा अंदाज बांधतो. चेक इंजिनचा दिवा लागला, लागणारच. पण पुढच्या चढाला तिसरा गिअर असा बसला की काकांनी माझ्याकडे वळून बघितलं. ही युक्ती फक्त तपासणीपुरती, आठ-दहा मिनिटांची. तशी गाडी चालवत राहू नका.

मग एअर फिल्टरचं झाकण उघडलं. आत धुऊन परत वापरायचा, तेल लावायचा फिल्टर. जावयानं दीड-दोन वर्षांपूर्वी हौसेनं बसवलेला, आणि दर वेळी धुतल्यावर त्याला तेल सढळ हातानं चोपडलेलं. ते तेल उडून सेन्सरच्या बारीक घटकावर बसलं होतं, वर घाटातली धूळ. सेन्सर आंधळा झाला होता. पहिल्यांदा के-२ जळला तोही याच कारणानं, अशी माझी पक्की समजूत आहे, कारण वहीतला उतार त्याच्या आधीचा आहे.

मग काय केलं

नवा सेन्सर टाकला. स्वच्छ करायचा स्प्रे मारून बघायला हरकत नव्हती, पण तीनदा बॉक्स जाळल्यावर स्प्रेवर भरवसा ठेवायची माझी हिंमत नव्हती. कंपनीचाच घेतला. मिळता-जुळता स्वस्तातला लावला तर तोही वेगळं खोटं बोलतो. साधा कागदी फिल्टर बसवला. इंजिनच्या कॉम्प्युटरनं शिकलेली फ्युएल ट्रिम पुसली. आणि हो, बॉक्स तिसऱ्यांदा उतरवावाच लागला, कारण के-२ च्या प्लेटा पुन्हा करपल्या होत्या. करपलेली प्लेट दाब बरोबर झाला म्हणून बरी होत नाही. क्रम मात्र लक्षात घ्या. आधी सेन्सर, मग घाटात स्कॅनर लावून टॉर्कचा आकडा बरोबर आलाय याची खात्री, आणि मगच बॉक्स खोलला. उलट केलं असतं तर चौथा फोन ठरलेला.

तुमची गाडी डिझेल असली तरी हे वाचून सोडून देऊ नका. तिथे कारणं वेगळी निघतील, टर्बोचा फुटलेला होज, अडकलेला ईजीआर, बूस्टचा सेन्सर. पण इंजिन जे सांगतं त्यावरूनच दाब ठरतो, ही गोष्ट आजच्या बऱ्याच इलेक्ट्रॉनिक बॉक्सना लागू आहे. तेव्हा रिबिल्ट झालेली गाडी फक्त ठरावीक ठिकाणी, फक्त लोडवर सोडत असेल आणि तेल, कूलर, ॲडॅप्टेशन ठीक असेल, तर बॉक्स उतरवायच्या आधी इंजिनची चौकशी करा. मेकॅनिकला सांगा की माझ्यासोबत बसा, जिथे सोडते तिथेच चला, आणि गिअरबॉक्सच्या आकड्यांबरोबर हवा, टॉर्क आणि फ्युएल ट्रिम यांची नोंद ठेवा. तो तयार नसेल तर दुसरा बघा. वर्कशॉपच्या गेटपर्यंत चालवून 'ठीक आहे' म्हणणारे आम्हीही होतोच.

तोवर गाडी चालवू का, हा प्रश्न सगळे विचारतात. गाडी सोडतेय हे कळल्यावर घाट, टोईंग, ओव्हरटेक काही करू नका. काटा उडतो त्या प्रत्येक क्षणाला प्लेट थोडी करपतेच. पाय हलका ठेवून वर्कशॉपपर्यंत या, किंवा फ्लॅटबेडवर आणा. आणि जळालेल्या प्लेटा फेकू देऊ नका, मागून घ्या. कुठला पॅक जळालाय, एका बाजूनं की सगळा सारखा, यावरून पुढच्या माणसाला खूप कळतं. आमच्या टेबलाखाली काकांच्या के-२ च्या प्लेटा अजून एका डालड्याच्या डब्यात आहेत, तीन संच, तारीख लिहून.

तिसऱ्या कामाला आता दोन वर्षं होतील. आमच्या जॉब कार्डवर पोरानं पेनानं एक ओळ वाढवलीय, 'ॲव्हरेज कधीपासून कमी?', आणि गाडी आत घेण्याआधी तो ती विचारतो. काकांनी गेल्या महिन्यात तेल बदलायला गाडी आणली तेव्हा वही पुढच्या सीटवरच काढून ठेवली होती.